घर कुठे पळून जात नाही

फेब्रुवारी संपत आला की आमच्या गल्लीत पोस्टमनपेक्षा वसुली लिपिकाची वाट अधिक पाहिली जाते. तो येतो, मोटारसायकल कडेला लावतो, डिकीतून बिलांचा गठ्ठा काढतो आणि फाटकाफाटकातून एकेक बिल आत सरकवत पुढे जातो. मागच्या खेपेस मी त्याला हाक मारून चहाला बसवले. चष्मा पुसून बिल वाचले, पुन्हा वाचले आणि विचारले, "अहो, दर वाढवणार नाही असं जाहीर केलं होतं ना?"

बशीत चहा ओतत तो म्हणाला, "दर कुठं वाढलाय साहेब? दर तोच हाय. बिल वाढलंय."

मला हसू आले. छत्तीस वर्षे मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत काढली. अशी वाक्ये मीही माणसांच्या तोंडावर फेकली आहेत. "काका, हप्ता तोच आहे, फक्त मुदत वाढली," असे गृहकर्जदाराला सांगताना मला कधी लाज वाटली नव्हती. वाक्य खरे असते आणि समोरच्याची फसगतही तितकीच खरी असते.

नोकरीत माझी बरीच वर्षे नांदेड आणि लातूर या दोन गावांत गेली. आज या दोन गावांतल्या दोन घरांची घरपट्टी माझ्या हातून भरली जाते. एक माझ्या घराची. दुसरी थोरल्या बहिणीच्या, आमच्या अक्काच्या घराची. कुठले घर कुठे, ते मुद्दामच सांगत नाही. तक्रार एका कचेरीची नाही, पद्धतीची आहे. शिवाय त्या लिपिकाला उद्या पुन्हा माझ्या दारी यायचे आहे.

अक्का पंचाहत्तरीला आली आहे. भाऊजी गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनावर राहते. बिल आले की तिचा फोन येतो, आणि प्रश्न दरवर्षी तोच. "अरे, घर तर तेवढंच हाय. एक खोली वाढवली नाही, उलट मागची पडवी पडली. मग घर मोठं झालं कसं? कशाला वाढवायलेत रे?"

तिला फोनवर नीट उत्तर देणे मला कधी जमले नाही. म्हणून हा लेख.

आधी ते वाढीव बिल कसे जन्माला येते ते पाहू. आपल्याकडच्या बहुतेक शहरांत घरपट्टी घराच्या किमतीवर नसते, घराच्या भाड्यावर असते. तुम्ही घर भाड्याने दिलेले नसले तरी ते दिले असते तर वाजवी भाडे किती आले असते, असा विचार करायचा. त्याला वार्षिक भाडेमूल्य म्हणतात. त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा केले की करयोग्य मूल्य निघते आणि त्यावर टक्केवारीने कर बसतो. समजा, हजार चौरस फुटांचे घर आहे आणि भाडे धरले आहे चौरस फुटाला महिना दोन रुपये. वर्षाचे झाले चोवीस हजार, दहा टक्के वजा जाता एकवीस हजार सहाशे. सगळे कर मिळून पस्तीस टक्के धरले तर बिल सात हजार पाचशे साठ. आता पस्तीस टक्क्यांना हात न लावता दोन रुपयांचे तीन करा. बिल अकरा हजार तीनशे चाळीस. दर तोच, बिल दीडपट.

निवडणुकीत जे वचन मिळते ते या पस्तीस टक्क्यांबद्दल असते. दोन रुपयांबद्दल कोणी काही बोललेलेच नसते. बरे, कायदा तरी या टक्केवारीला वरून झाकण घालतो का? महापालिका अधिनियम १९४९ चा आहे. सामान्य कर करयोग्य मूल्याच्या बारा टक्क्यांपेक्षा कमी असू नये, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे तिथे पहिली काळजी घेतली आहे ती तळाची.

हे दोन रुपये कोण ठरवते? विभाग, वापर आणि बांधकाम यांवरून ते ठरतात. दगडमातीच्या घराला कमी, विटा-सिमेंटला जास्त, आरसीसीला त्याहून जास्त. कागदावर हे योग्यच दिसते. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जमीन हलली आणि त्यानंतर लातूर भागात मातीच्या धाब्याखाली झोपायची छाती कोणाला राहिली? लोकांनी कर्ज काढून आरसीसीची घरे बांधली. काही कर्जे माझ्याच सहीने गेली आहेत. ते कॉलम चैनीसाठी उभे केले नव्हते, भीतीने उभे केले होते. कराच्या तक्त्यात भीतीचा रकाना नसतो. तिथे घर फक्त वरच्या वर्गात जाते.

घर खरोखर भाड्याने दिले असेल तर आकारणी आणखी चढते. लातूरची शिकवण्यांची ख्याती झाल्यापासून तिथे घराघरांत विद्यार्थ्यांच्या खोल्या आहेत, आणि नांदेडही त्यात मागे नाही. पण मोजणीला माणूस आला की या दोन शहरांत भाडेकरू सापडत नाही. सापडतात ते भाचे. गंगाखेडचा भाचा, देगलूरचा भाचा, उदगीरचे दोन भाचे. एका घरात अकरा भाचे मी स्वतः मोजले आहेत, आणि त्या घरमालकिणीला भाऊबहीण कोणी नव्हते! हसायला ठीक आहे, पण या भाच्यांचा कर शेवटी कोणाच्या तरी बिलात जातोच. अक्काकडे एकही भाचा राहत नाही.

आता अक्काच्या प्रश्नाचा दुसरा भाग. कशाला वाढवतात?

याचे मूळ आपण विसरत चाललेल्या जकात नाक्यात आहे. माझ्या पिढीला नाके चांगले आठवतात. ट्रकची रांग, हातात पावतीपुस्तक घेतलेला कारकून, बांबूचा अडसर. १९८४ साली हैदराबादहून आणलेला टीव्ही आम्ही गादीत गुंडाळून नांदेडच्या नाक्यावरून पार केला होता, ही चोरी आज कबूल करतो. नाका भ्रष्ट होता, व्यापाराला काच होता, डिझेल जाळणारा होता. पण गावात येणाऱ्या प्रत्येक पोत्यामागे गावाला रोजच्या रोज रोख पैसा मिळत होता. शंकरराव चव्हाण नांदेडचे नगराध्यक्ष होते आणि शिवराज पाटील चाकूरकर लातूरचे. दोघेही पुढे देशाचे गृहमंत्री झाले. नगरपालिका तेव्हा राजकारणाची भक्कम पहिली पायरी होती, याचे एक कारण तिच्या गल्ल्यात स्वतःची नाणी वाजत होती, असे मला वाटते.

१९९९ मध्ये राज्यातल्या नगरपालिकांची जकात गेली. लातूर तेव्हा नगरपालिका होती. नांदेड १९९७ मध्येच महापालिका झाले असल्याने तिथे ती राहिली. २०१० पासून महापालिकांमध्ये टप्प्याटप्प्याने जकातीच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला. २०११ मध्ये लातूरचीही महापालिका झाली आणि हा कर तिथेही पोहोचला. व्यापाऱ्यांनी राज्यभर बंद पाळले. १ ऑगस्ट २०१५ रोजी पन्नास कोटींहून कमी उलाढाल असणाऱ्यांचा एलबीटी माफ झाला, म्हणजे या दोन शहरांतल्या जवळजवळ सगळ्याच दुकानदारांचा. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि उरलेलेही गेले. त्या बदल्यात सरकार महापालिकांना भरपाई देते आणि ती दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढवायची असे कायद्यात आहे. वाईट नाही. पण बँकेच्या भाषेत सांगायचे तर ज्याचे स्वतःचे दुकान होते तो पगारदार झाला. पगार वरून येणार, कधी येणार ते वरचा ठरवणार आणि खर्च मात्र याच्या घरचा.

हातात स्वतःचे असे काय उरले? घरपट्टी, पाणीपट्टी, थोडी बांधकाम परवान्याची फी, गाळ्यांचे भाडे. माल दुसऱ्या गावी उतरवता येतो, दुकान हद्दीबाहेर नेता येते. घर कुठे पळून जात नाही. पूर्वी नाका गावाच्या वेशीवर होता, आता तो प्रत्येकाच्या उंबऱ्याशी आला आहे.

खर्चाची बाजू पाहा. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा नांदेडला झाला. त्याच्या आधी आणि नंतर केंद्राच्या नागरी पुनर्निर्माण योजनेतून शहरात रस्ते झाले, पूल झाले, पाण्याची आणि मलनिस्सारणाची कामे झाली. दहा लाखांहून कमी वस्तीच्या शहरांसाठी त्या योजनेत केंद्राचे ऐंशी टक्के, राज्याचे दहा आणि शहराचे दहा टक्के असत. जुने नांदेड ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा फरक नाकारता येणार नाही, मीही नाकारत नाही. पण योजनेच्या अटींत आणखी दोन गोष्टी होत्या. घरपट्टीची वसुली सात वर्षांत किमान पंच्याऐंशी टक्क्यांवर न्यायची आणि पाणीपुरवठ्यासारख्या सेवांचा चालवण्याचा खर्च वापरणाऱ्यांकडून वसूल करायचा. बांधायला दिल्लीचे पैसे, चालवायला घरपट्टीचे. पंपाचे वीजबिल, दिव्याचा बल्ब आणि गळक्या वाहिनीचा सांधा यांना ऐंशी टक्के अनुदान नसते. लग्नात मिळालेल्या हत्तीला रोज चारा कोण घालणार, हे लग्नाच्या दिवशी कोणी विचारत नाही.

लातूरचा चारा म्हणजे पाणी. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि पाणी होते पाच लाख लिटर. ते दृश्य साऱ्या देशाने पाहिले. त्या उन्हाळ्यात लातूरकराने टँकरचे पैसे वेगळे मोजले, विंधन विहिरीचे वेगळे मोजले. नळाला पाणी किती दिवसांनी येते यावर पाणीपट्टी ठरत नाही. ती वर्षाची असते. हिशेबात पाणी न देणाऱ्या नळाचीही देखभाल असते, हे मला कळते. ज्याच्या अंगणात रिकामा ड्रम उभा आहे त्याला ते समजावून सांगायला मात्र मी जाणार नाही.

बिलावरचे बारीक अक्षरही एकदा वाचून पाहा. सामान्य कर, सफाई कर, अग्निशमन कर, वृक्ष उपकर आणि त्यांच्या सोबतीला शिक्षण कर. हा शेवटचा महापालिकेचा नाहीच. तो राज्याचा. बिगरनिवासी इमारतींवर रोजगार हमीचा करही असतो, तोही राज्याचा. महापालिका फक्त गोळा करून वर पाठवते. शिव्या खाते ती आणि पैसे जातात मुंबईला.

याच्या उलट दिशेने दिल्ली ओढते आहे. पंधराव्या वित्त आयोगाने शहरांना अनुदान देताना अट घातली. राज्याने घरपट्टीचा किमान दर जाहीर करावा, आणि २०२२-२३ पासून घरपट्टीची वसुली राज्याच्या सकल उत्पन्नाच्या वाढीच्या वेगाने वाढताना दिसावी. म्हणजे गल्लीत येणारा उमेदवार म्हणतो, वाढू देणार नाही. दिल्ली म्हणते, वाढली नाही तर अनुदान नाही. या दोघांच्या मध्ये आयुक्त बसतो. त्यात २०२२ मध्ये लातूर आणि नांदेड या दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे निवडणूकच झाली नाही. प्रशासक कारभार पाहत होते. ज्याने वचन दिले तो सभागृहात नव्हता, आणि जो सभागृह चालवत होता त्याने कोणाला वचन दिले नव्हते.

माझे स्वतःचे मत असे की वाढीपेक्षा जास्त नुकसान आपले न वाढवण्याने केले आहे. नगरपालिकांच्या कायद्यात दर चार वर्षांनी फेरआकारणी करायची तरतूद आहे. ती वेळेवर झाली तर वाढ बेताची असते. पण फेरआकारणी आली की मोर्चा येतो, मोर्चा आला की स्थगिती येते आणि स्थगिती आणणाऱ्याच्या अभिनंदनाचे फलक चौकात लागतात. हिशेब मात्र थांबत नाही. बँकेत आम्ही जुने कर्ज थकू नये म्हणून नवे कर्ज देऊन ते वरवर ताजे ठेवायचो. ताळेबंद छान दिसायचा, आणि एक दिवस सगळे एकदम अंगावर यायचे. गोठवलेली घरपट्टी हा तसाच प्रकार. दहा-पंधरा वर्षांनी खासगी एजन्सीची मुले टॅब घेऊन दारात उभी राहतात, जिन्याखालची जागाही मोजतात आणि एका वर्षात बिल दुप्पट होते. श्रेय एकाने घेतलेले असते, बिल दुसऱ्याच्या काळात फुटते.

आणि थकबाकी! या विषयावर माझा आवाज चढतो, वाचकांनी क्षमा करावी. उशीर झाला तर महिना दोन टक्के शास्ती आहे. वर्षाला चोवीस टक्के. एवढे व्याज बँकेने लावले असते तर आम्हाला सावकार म्हटले असते. पण ही शास्ती बहुतेक वेळा वसूल करण्यासाठी नसतेच, माफ करण्यासाठी असते. मार्च जवळ आला की अभय योजना जाहीर होते. एकरकमी भरा, शास्तीत इतके टक्के सूट. कर्जमाफीचा काळ मी काउंटरच्या आतून पाहिला आहे. माफीच्या दुसऱ्या दिवशी जो माणूस बँकेत येतो तो थकबाकीदार नसतो. तो नियमित हप्ते भरणारा असतो. तो काही मागत नाही. नुसता काउंटरवर हात ठेवून विचारतो, "म्हणजे मी चुकलो का साहेब?" त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते. ज्याने पाच वर्षे घरपट्टी न भरता तेच पैसे मुदत ठेवीत ठेवले, त्याला व्याजही मिळाले आणि शास्तीही सुटली. वेळेत भरणाऱ्याला मिळते ती थोडीशी सूट. आणि जे कधीच भरत नाहीत त्यांची तूट भरून काढायला पुन्हा वळायचे ते भरणाऱ्यांकडेच, कारण तेच भरतात हे माहीत असते.

मर्यादेचे वचन फसणे ही आपलीच खासियत आहे असे मात्र समजू नये. माझी एक पुतणी न्यू जर्सीत एडिसनला राहते. तिथे २०१० मध्ये कायदा झाला की स्थानिक संस्थांनी घरपट्टीची एकूण रक्कम वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही. तरी तिचे बिल एका वर्षी दोन टक्क्यांहून बरेच जास्त वाढले. चौकशी केली तर मर्यादा गावाच्या एकूण रकमेवर होती, तिच्या बिलावर नव्हती. शिवाय कर्जफेड, कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाची आणि आरोग्य विम्याची वाढ, आपत्ती हे सगळे मर्यादेबाहेर. त्या राज्यात घरपट्टीची सरासरी वर्षाला दहा हजार डॉलरच्या आसपास आहे. ती म्हणाली, "काका, इथेही आपल्यासारखंच."

आपल्या राज्यातही कायद्याने मर्यादा घातल्याचे उदाहरण आहे. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर कर आला तेव्हा असे ठरले की पहिल्या खेपेस निवासी कर दुपटीपेक्षा आणि बिगरनिवासी तिपटीपेक्षा वाढू नये, आणि पुढे दर पाच वर्षांच्या फेरआकारणीत वाढ चाळीस टक्क्यांच्या आत असावी. पाच वर्षांत चाळीस टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षाला सात टक्के. बँकेच्या मुदत ठेवीचा दर! पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून तिथे पूर्ण माफी मिळाली. मुंबईला ते परवडत असेल. लातूर-नांदेडला अशी माफी दिली तर बिल भरायला कोण उरेल?

मला विचाराल तर घरपट्टी वाढूच नये असे मी म्हणणार नाही. माझ्या घरासमोरचा दिवा जळावा असे मला वाटते आणि तो फुकट जळत नाही. पण मर्यादा घालायचीच तर ती दरावर नको, बिलाच्या शेवटच्या आकड्यावर घाला. घर तेच असेल तर एका वर्षात अमुक इतक्याच रुपयांनी वाढेल, असे सांगा. दरवर्षी थोडे वाढवा, दहा वर्षांनी एकदम नको. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे घर आणि अकरा भाच्यांचे घर एकाच मापाने मोजू नका. आणि अभय योजना बंद करा, निदान माझ्या हयातीत एकदा तरी.

ही मागणी मान्य होईल असे मला वाटत नाही. माझी मूळ पेन्शन निवृत्त झाल्या दिवशी जिथे थांबली तिथेच उभी आहे. मर्यादा कशी कडक पाळायची हे या देशाला येत नाही असे कोण म्हणेल?

गेल्या एप्रिलमध्ये अक्काची घरपट्टी भरायला गेलो होतो. ती पहिल्याच आठवड्यात भरते, सूट मिळते म्हणून. पावती घेऊन आलो तर तिने कपाटावरची पत्र्याची पेटी खाली काढायला लावली. भाऊजींनी नगरपालिकेच्या काळापासूनच्या सगळ्या पावत्या त्यात लावून ठेवल्या आहेत. पिवळ्या, गुलाबी, शाईने लिहिलेल्या. अगदी तळाची पावती तेवीस रुपयांची. मी ती उजेडात धरून बघत होतो.

"ती काय बघतोस?" अक्का म्हणाली. "आजची नीट लाव. मागच्या साली भरलेलेच पैसे थकबाकीत दाखवलेले. पावती होती म्हणून निभावलं."